इसबगोल : एका पाहुण्या औषधाचा इतिहास

परगावचे पाणी बाधते, ही समजूत आपल्या लोकांत फार जुनी आहे. बदलीवर निघालेल्या माणसास घरची वडीलधारी मंडळी ज्या सूचना देतात, त्यांत पाण्याचा उल्लेख हटकून असतो. कुठले पाणी जड, कुठले हलके, कुठे उकळून प्यावे आणि कुठे माठातले चालेल, याची चर्चा आगगाडीची वेळ होईपर्यंत संपत नाही. त्यात कचेरीतले बैठे काम, जेवणाच्या बदललेल्या वेळा आणि भात-भाकरीच्या जागी आलेले निराळे अन्न यांची भर पडली, की पोटाची तक्रार सुरू होते. म्हणून प्रवासाच्या सामानात हिंग्वाष्टक, सुंठ आणि हिरडा यांच्या शेजारी इसबगोलाचा एक डबाही ठेवलेला असतो. या चौघांस आपण एकाच घराण्यातील समजतो. आजीबाईच्या बटव्यातील हे चार नातलग, आपल्या पूर्वजांनी शोधलेले आणि आपल्या ग्रंथांनी गौरविलेले, अशी आपली सर्वसाधारण कल्पना असते.

पहिल्या तिघांपुरती ही कल्पना बरोबर आहे. इसबगोल मात्र त्या घराण्यातील नव्हे. तो बाहेरून आलेला पाहुणा आहे. आणि येथे इतका रुळला आहे की त्याचे परकेपण आपणांस सांगूनही पटत नाही. तो कोठून आला, कोणी आणला, आणि आज जगभर ज्या पद्धतीने तो पेल्यात कालवून घेतला जातो ती पद्धत कशी घडत गेली, हे पाहण्याचा आम्ही येथे प्रयत्न करीत आहोत. हा विषय वरवर पाहता क्षुल्लक आहे. तथापि ज्या वस्तू रोजच्या वापरात असतात त्यांचा इतिहास आपण सहसा विचारीत नाही, आणि इतिहास न विचारल्यामुळे त्यांचा वापरही कित्येकदा चुकीचा करतो. इसबगोलाच्या बाबतीत असा चुकीचा वापर जिवावरही बेतू शकतो.

प्रथम नावाकडे पाहू. 'इसबगोल' हा शब्द फारसी 'अस्पगोल' याचे आपल्या तोंडी बसलेले रूप आहे. फारसीत 'अस्प' म्हणजे घोडा; संस्कृत 'अश्व' शब्दाचा तो सख्खा भाऊ. 'गोल' या उत्तरपदाचा अर्थ कान. तेव्हा अस्पगोल म्हणजे घोड्याचा कान. हे बी तळहातावर घेऊन निरखून पाहिले तर या नावाची यथार्थता पटते. फिकट गुलाबी-करड्या रंगाचे, दोहों टोकांस निमुळते होत गेलेले आणि एका बाजूने होडीसारखे खोलगट असे ते बी असते. ते इतके लहान, की १,००० बियांचे वजन पुरते २ ग्रॅमही भरत नाही. इराणी माणसाला त्या खोलगट आकारात टवकारलेला अश्वकर्ण दिसला. ग्रीकांना याच कुळातील भावंड असलेल्या काळसर बियांत पिसू दिसली. ग्रीक भाषेत पिसूला 'प्सुल्ला' म्हणतात, त्यावरून त्यांनी त्या वनस्पतीस 'प्सुल्लिऑन' म्हटले. आज इंग्रजीत रूढ असलेला 'सिलियम' हा शब्द त्याच पिसवेचा वंशज होय. अरबांनी त्याला 'बझ्र कतूना' असे आपले स्वतंत्र नाव दिले.

या नावांत गंमत अशी, की इराणी घोडा हिंदुस्थानात आल्यावरही हरवला नाही. गुजरात आणि मारवाड या मुलखांतील शेतकरी या पिकाला आजही 'घोडाजिरे' या अर्थाच्या नावाने ओळखतात. आपल्याकडील वैद्यांनी मात्र निराळी युक्ती केली. त्यांनी 'ईषद्गोल' असे संस्कृत रूप सिद्ध केले. 'ईषत्' म्हणजे किंचित. तेव्हा किंचित गोल ते ईषद्गोल! परक्या शब्दाला यज्ञोपवीत घालून पंक्तीला बसविण्याची ही रीत मोठी मनोहर आहे. तथापि व्युत्पत्तीचे हे कौशल्य पाहून कोणी फसू नये. चरक आणि सुश्रुत यांच्या संहितांत हिरडा आहे, एरंड आहे, निशोत्तर आहे, इसबगोल नाही. आपल्या प्राचीन वैद्यकात रेचक औषधांची उणीव कधीच नव्हती. पाहुणा आला तो उणीव भरून काढण्यासाठी आला नाही. आपला एक निराळा गुण घेऊन आला.

तो गुण कोणता, हे समजण्यासाठी ग्रीक-अरबी वैद्यकाकडे वळले पाहिजे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात डायॉस्कोरिडीस या ग्रीक वैद्याने जो विख्यात वनौषधिग्रंथ लिहिला, त्यात प्सुल्लिऑनची नोंद आहे. दाह आणि सूज यांवर थंडावा आणणारे द्रव्य म्हणून त्याने ते सांगितले. पुढे ही विद्या अरबी-फारसी वैद्यांच्या हाती गेली. इब्न सीना (९८०–१०३७) याच्या 'कानून' ग्रंथातही बझ्र कतूनास स्थान मिळाले. युनानी वैद्यक प्रत्येक द्रव्याची प्रकृती उष्ण की शीत, कोरडी की ओली, अशा चार गुणांनी ठरविते. त्या हिशेबाने इसबगोल शीत आणि ओला ठरला. जेथे उष्णता आणि रुक्षता यांचा प्रकोप झाला असेल तेथे त्याची योजना करावयाची. मग ती आतड्यांतील आग असो, तापातील शोष असो, की बाहेरच्या गळवाची सूज असो.

येथे एक गोष्ट विशेष ध्यानात घेण्यासारखी आहे. युनानी हकीम इसबगोलाची पूड करीत नसत. बी सबंध द्यावे, कुटू नये, असा त्यांचा दंडक होता. बी पाण्यात भिजत घालावे, काही वेळाने त्याभोवती जो बुळबुळीत पदार्थ तयार होतो तो 'लुआब' साखरेच्या किंवा फळांच्या सरबतात कालवून रोग्यास पाजावा, ही त्यांची मुख्य रीत. आव पडत असेल तर बी थोडे भाजून द्यावे, अशीही एक रीत होती. म्हणजे इसबगोल चावून खाण्याचे किंवा गोळीसारखे गिळण्याचे औषध नसून ते पिण्याचे औषध आहे, ही समज अगदी प्रारंभापासून होती. बी आणि पाणी या दोन्हींची मिळून एक मात्रा होते. नुसते बी म्हणजे अर्धे औषध. पुढील कित्येक शतकांत वैद्य बदलले, भाषा बदलल्या, राज्ये बदलली. पण जेथे जेथे हा नियम पाळला गेला तेथे इसबगोलाने गुण दिला आणि जेथे तो विसरला गेला तेथे अपाय झाला. या औषधाचा इतिहास एका अर्थाने पाण्याचाच इतिहास आहे.

सुलतानांच्या आणि मोगलांच्या काळात युनानी वैद्यक हिंदुस्थानात स्थिरावले. हकिमांचे दवाखाने दिल्ली, लखनौ, हैदराबाद अशा राजधान्यांतून चालू झाले, आणि त्यांच्या औषधींची गाठोडी पंसाऱ्यांच्या दुकानांत येऊन पडली. दुकानातून वस्तू घरात शिरावयास वेळ लागत नाही. औषधाच्या बाबतीत रोगी धर्म विचारीत नाही, आणि पूर्वीही विचारीत नसे. हकिमाकडून वैद्याने, वैद्याकडून शेजाऱ्याने आणि शेजाऱ्याकडून आपल्या आजीने इसबगोल उचलला. दह्यात कालवलेला इसबगोल, ताकातला इसबगोल, कोमट दुधातला इसबगोल ही त्याची घरगुती रूपे आहेत. हकिमाच्या सरबताची जागा ज्या त्या घरातील नेहमीच्या पेयाने घेतली, एवढाच काय तो फरक.

युरोपीय वनस्पतिशास्त्राच्या नोंदवहीत या झाडाचा जो प्रवेश झाला, त्याची कथा करुण आहे, आणि तिचा एक धागा मुंबईशी जुळलेला आहे. १७६१ साली डेन्मार्कच्या राजाने अरबस्तानच्या अभ्यासासाठी काही विद्वानांचे पथक रवाना केले. त्यात थोर वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियस याचा शिष्य पेटर फोर्सकोल हा होता. इजिप्त व येमेन येथील वनस्पतींची त्याने कसोशीने टिपणे केली. पण १७६३ साली येमेनमध्येच तापाने त्याचा अंत झाला. उरलेली मंडळी आजारी अवस्थेत जहाजाने मुंबईस निघाली. चित्रकार वाटेत समुद्रावरच गेला. पथकाचा डॉक्टर क्रामर १७६४ साली मुंबईत मरण पावला. कार्स्टन नीबूर हा एकटाच काय तो वाचला. मुंबईच्या मुक्कामात त्याने घारापुरीच्या लेण्यांची मोजमापे घेतली, आणि मायदेशी परतल्यावर आपल्या मृत मित्राची टिपणे संपादून १७७५ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. त्या ग्रंथातील वनस्पतींत आपले घोडाजिरे आहे. 'प्लँटॅगो ओव्हाटा' हे जे त्याचे शास्त्रीय नाव आज चालते ते फोर्सकोलनेच ठेवलेले. स्वतःच्या नावाचा ग्रंथ पाहण्याचे भाग्य त्याच्या वाट्यास आले नाही.

इकडे कलकत्त्यास कंपनी सरकारच्या डॉक्टरांसमोर वेगळाच प्रश्न उभा होता. विलायतेहून आलेले अधिकारी आणि शिपाई यांना बंगालच्या हवापाण्यात अतिसाराने आणि आवेने पछाडले होते. त्यावर त्यांच्या पोतडीतील औषधे मोठी दांडगी. कॅलोमेल हे पाऱ्याचे औषध तर सर्रास चालत असे, आणि पुष्कळदा रोगापेक्षा त्याचाच उपद्रव अधिक होई. अशा वेळी त्यांतील काही जिज्ञासू डॉक्टरांचे लक्ष बाजारातील देशी औषधांकडे गेले. रॉक्सबर्ग या वनस्पतिशास्त्रज्ञाने या झाडास 'इस्पघुला' असे देशी नावच बहाल केले, आणि जॉन फ्लेमिंग यांनी १८१० साली आपल्या औषधिसूचीत ते छापले. पुढे कलकत्त्याचे विल्यम ट्वायनिंग यांनी १८३२ साली बंगालच्या रोगांवर जो ग्रंथ लिहिला, त्यात हिंदुस्थानात दीर्घकाळ राहिलेल्या युरोपीयांच्या जुनाट अतिसारावर इसबगोलाची मोठी शिफारस केली. सबंध बी खडीसाखरेच्या पुडीसह द्यावे, आतड्यातील पाणी शोषून ते फुगते आणि आपल्या बुळबुळीतपणाने आतड्यास आराम देते, असे त्याचे स्पष्टीकरण होते.

हा तपशील वाचताना आम्हांस मोठे नवल वाटले. ज्यांच्यासाठी ट्वायनिंगसाहेबाने हे औषध निवडले, तेही आपल्यासारखेच बदलीवर आलेले नोकरदार होते. त्यांनाही परगावचे पाणी बाधले होते. राज्यकर्ते म्हणून ते कितीही मातबर असोत, पोटाच्या बाबतीत त्यांची आणि आपली जात एकच. १८६८ साली वेअरिंग यांनी संपादिलेल्या 'फार्माकोपिया ऑफ इंडिया' या सरकारी औषधिकोशात इसबगोलाचा रीतसर समावेश झाला. हकिमाच्या गाठोड्यातील बी सरकारी दप्तरात दाखल झाले.

या साऱ्या काळात लोक घेत ते सबंध बी. आज आपण डब्यातून जो हलका, पांढुरका, पापुद्र्यासारखा पदार्थ काढतो ती त्या बियांवरची साल होय. हिंदी प्रदेशात तिला 'भूसी' म्हणतात आणि बाजारात 'सत-इसबगोल' या नावाने ती विकली जाते. बी हलक्या हाताने भरडावयाचे, आतला कठीण गर वेगळा होऊ द्यावयाचा, आणि मग पाखडून, चाळून साल बाजूस काढावयाची, असा हा उद्योग आहे. सालीचे वजन बियांच्या सुमारे चौथ्या हिश्श्याइतके भरते. उरलेला गर जनावरांच्या खाद्यात जातो. बियांतील सारा गुण या चौथ्या हिश्श्यात आहे, हे एकदा कळल्यावर सबंध बी भिजविण्याचा खटाटोप उरला नाही आणि इसबगोल खऱ्या अर्थाने घरोघर गेला.

त्या सालीत असे आहे तरी काय? कलकत्त्याच्या उष्णकटिबंधीय वैद्यक विद्यालयात देशी औषधांची पद्धतशीर परीक्षा करणारे डॉ. रामनाथ चोप्रा यांनी १९३३ साली आपला 'इंडिजिनस ड्रग्ज ऑफ इंडिया' हा ग्रंथ प्रसिद्ध केला. इसबगोलाचे कार्य त्यातील चिकट द्रव्यामुळे होते व ते मुख्यतः यांत्रिक स्वरूपाचे आहे, असा त्यांचा अभिप्राय होता. म्हणजे एरंडेलासारखा किंवा सोनामुखीसारखा तो आतड्यास डिवचीत नाही. हे चिकट द्रव्य म्हणजे दोन प्रकारच्या शर्करांच्या लांब, फांद्या फुटलेल्या साखळ्या. माणसाच्या पाचकरसांना त्या तोडता येत नाहीत, आणि आतड्यांतील जंतूंनाही फारशा तोडता येत नाहीत. म्हणून त्या आपल्या वजनाच्या कित्येक पट पाणी धरून तशाच पुढे सरकतात. मलावरोध असेल तर हे धरलेले पाणी मळ मऊ करते. अतिसार असेल तर जास्तीचे पाणी टिपून घेऊन मळास आकार देते. एकच वस्तू दोन उलट तक्रारींवर कशी चालते, हे कोडे असे पाण्यानेच सुटते.

झाडाने मात्र ही युक्ती आपल्या पोटासाठी योजिलेली नाही. इसबगोल हा कोरड्या, वाळवंटी मुलखाचा रहिवासी. पावसाचा थेंब मिळताच बियांभोवती चिकट कवच फुलावे, त्याने बी मातीस धरून ठेवावे आणि ओल जपावी, एवढ्यासाठी निसर्गाने ती साल दिली. वाळवंटातील बियांचा हा काटकसरी स्वभाव माणसाने आपल्या आतड्याच्या कामी लावला.

असे हे झाड हिंदुस्थानात जेथे सर्वांत अधिक रमले, तो प्रदेश मराठी वाचकास परका नाही. उत्तर गुजरातमधील मेहसाणा, ऊंझा, सिद्धपूर हा टापू म्हणजे जुन्या बडोदे संस्थानचा कडी प्रांत. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात दमाजीराव गायकवाडांच्या काळापासून या भागावर मराठी अंमल होता. १९४९ साली बडोदे संस्थान विलीन झाले तेव्हा हा मुलूख मुंबई राज्यात आला, आणि १ मे १९६० रोजी गुजरात राज्यात गेला. सिद्धपूर हे मातृगयेचे क्षेत्र म्हणून आपल्याकडील श्रद्धाळू मंडळींस ठाऊक असते. आईचे श्राद्ध करण्यास तेथे महाराष्ट्रातूनही लोक जातात. ऊंझ्याची पेठ जिरे आणि बडीशेप यांसाठी देशभर प्रसिद्ध आहे. याच दोन गावांनी इसबगोलाचा व्यापार आणि त्याची साल काढण्याचा उद्योग वाढविला. अहमदाबादहून दिल्लीकडे जाणारी आगगाडी मेहसाण्यानंतर या दोन्ही गावांवरून जाते. आपल्यापैकी कित्येकांनी डब्याच्या खिडकीतून ही स्थानके पाहिली असतील आणि आपल्या सामानातील एक डबा मूळचा येथला आहे, याची त्यांना कल्पनाही आली नसेल.

पीक रब्बीचे. नोव्हेंबरात पेरावयाचे आणि चारएक महिन्यांनी, फेब्रुवारी-मार्चात काढावयाचे. जमीन हलकी, वाळूसर. हवा थंड आणि कोरडी हवी. इसबगोलाचा शेतकरी ज्या शब्दाला सर्वांत भितो तो शब्द आपल्या आणि त्याच्या भाषेत जवळजवळ एकच आहे: आपण मावठा म्हणतो, तो मावठुं म्हणतो. कणसे पिकून तयार झाली आणि अवेळी पाऊस आला, तर बी ताटावरच भिजून फुगते, गळून मातीत पडते, आणि वर्षाची कमाई एका सरीत जाते. पेल्यात ज्या गुणाने ते औषध ठरते, त्याच गुणाने ते शेतात नष्ट होते. कणसे कोरडी असताना हात लावला तरी बी झडते, म्हणून कापणीही सकाळी दवाच्या ओलाव्यात उरकतात. ओल किती आणि केव्हा, यावर त्या शेतकऱ्याचे सारे गणित अवलंबून असते. पुढे या पिकाचा विस्तार राजस्थानात जालोर, बाडमेर, नागौर या बाजूस आणि मध्य प्रदेशात नीमच-मंदसोरच्या बाजूस झाला.

विसाव्या शतकात पाहुण्याने समुद्र ओलांडला. १९३४ साली अमेरिकेत सर्ल कंपनीने 'मेटाम्युसिल' नावाने सिलियमची पूड बाजारात आणली. पेलाभर पाण्यात चमचाभर पूड ढवळून लगेच प्यावी, ही तिची रीत. हकिमाच्या लुआबाचेच हे नवे रूप. कालांतराने तिला संत्र्याची रुची आणि रंगही मिळाला. तेथील व्यापारात आपल्या बियांना 'ब्लाँड सिलियम', म्हणजे गोरे सिलियम, म्हणतात. पुढे १९७० नंतरच्या दशकात डेनिस बर्किट या शल्यवैद्याने मोठी खळबळ उडवून दिली. युगांडात अनेक वर्षे काम करताना त्यांनी पाहिले होते की तेथील खेडूत चोथ्याने युक्त असे अन्न खातात आणि त्यांना आतड्यांचे कित्येक विकार क्वचितच होतात. उलट पांढऱ्या पावाच्या देशांत त्या विकारांची रेलचेल आहे. ज्याला पाश्चात्त्य लोक निरुपयोगी चोथा समजत होते, त्याला एकाएकी प्रतिष्ठा आली, आणि इसबगोलाची मागणी वाढली. १९८९ साली केलॉग कंपनीने 'हार्टवाइज' नावाच्या न्याहारीच्या पदार्थातही ते घातले. १९९८ साली अमेरिकन सरकारने कमी स्निग्ध आहारासोबत रोज ७ ग्रॅम विद्राव्य तंतू सिलियमच्या सालीतून घेतल्यास हृदयविकाराचा धोका कमी होऊ शकतो, असे वेष्टनावर छापण्यास अनुमती दिली.

त्याच सरकारने १९९३ साली मात्र एक सक्तीचा इशारा छापावयास लावला होता. हे द्रव्य पुरेशा पाण्याशिवाय घेतल्यास घशात किंवा अन्ननलिकेत फुगून बसते आणि श्वास कोंडू शकतो, असा तो इशारा. आपल्याकडे चमचाभर कोरडी भूसी तोंडात टाकून वर घोटभर पाणी पिणारे लोक आम्ही पुष्कळ पाहिले आहेत. घाईच्या सकाळी कचेरी गाठावयाची असली, की पेला शोधण्याचा आणि ढवळण्याचा कंटाळा येतो. मावठ्यात ताटावरच फुगणारे बी ज्यांनी पाहिले आहे, त्यांना कोरड्या घशात ते काय करील हे सांगावे लागणार नाही. हकिमांनी बी भिजवून देण्याचा जो दंडक घातला होता, त्याचे महत्त्व अमेरिकेस नव्याने कायदा करून सांगावे लागले.

तेव्हा या दीर्घ इतिहासाने शिकविलेली रीत येथे थोडक्यात सांगणे अप्रस्तुत होणार नाही. युरोपीय औषध-नियामक संस्थेच्या टिपणात प्रौढ माणसास मलावरोधासाठी दिवसाची मात्रा ७ ते ११ ग्रॅम साल अशी दिली आहे, आणि दर ग्रॅमास निदान ३० मिलिलिटर पाणी सांगितले आहे. घरगुती भाषेत बोलावयाचे तर एका वेळी चमचाभर, सुमारे ५ ग्रॅम साल आणि तिच्यासाठी मोठा पेलाभर पाणी. पाण्यात टाकल्यावर ढवळून ताबडतोब प्यावी. रेंगाळल्यास पेल्यातच खळ होते आणि मग ती गिळवत नाही. त्यावर आणखी एक पेला पाणी प्यावे. ताक, दूध, फळांचा रस यांपैकी काहीही चालते. काम पाण्याचे आहे, चव ज्याची त्याने ठरवावी. दह्यात कालवून खाल्ली तर वर पाणी अधिकच प्यावे, कारण दही स्वतः घट्ट असते. ज्यांना सवय नाही त्यांनी अर्ध्या चमच्याने आरंभ करावा, म्हणजे पोट फुगण्याचा त्रास होत नाही.

रात्री निजण्यापूर्वी दुधातून घेण्याची आपल्याकडे चाल आहे. घेऊन लगेच आडवे होणे इष्ट नव्हे. जेवणानंतर काही काळ फिरून-बसून मग निजावे, अथवा दिवसाच घ्यावे. गुण येण्यास १२ ते ७२ तास लागतात. एका रात्रीत परिणाम दिसला नाही म्हणून दुसऱ्या रात्री मात्रा दुप्पट करणे हे अज्ञान होय. इतर औषधे चालू असतील तर त्यांच्या व इसबगोलाच्या वेळांत अंतर ठेवावे, नाही तर ती औषधे या खळीत अडकून पडतात. हे अंतर किती असावे ते आपल्या डॉक्टरास विचारावे. मधुमेही माणसाने गोड केलेल्या पुडी टाळून साधी साल घ्यावी. ज्यांना गिळताना त्रास होतो, ज्यांच्या आतड्यात अडथळा आहे, ज्यांना एकाएकी पोटदुखी किंवा मळातून रक्त यांसारखी लक्षणे दिसू लागली आहेत, त्यांनी इसबगोलाच्या वाटेस न जाता वैद्यास दाखवावे. सहा वर्षांखालील मुलांस तो देऊ नये. आणखी एक: त्याची बारीक धूळ श्वासात गेल्याने काही माणसांस दम्याचा विकार जडतो, हे कारखान्यांतील कामगारांत आणि रोग्यांस पुडी कालवून देणाऱ्या परिचारिकांत आढळून आले आहे. डबा नाकाजवळ धरून झटकू नये, एवढी दक्षता पुरे.

आता एक प्रश्न उरतो. जो इराणी नावाने आला, हकिमांनी वाढविला, इंग्रज डॉक्टरांनी दप्तरी लावला, गुजराती शेतकऱ्याने पिकविला आणि अमेरिकेने संत्र्याच्या रंगात रंगविला, तो इसबगोल आपला म्हणावा की परका? आम्हांस वाटते, वस्तूचे आपलेपण तिच्या जन्मस्थानावरून ठरवू गेलो तर आपल्या स्वयंपाकघरातून मिरची आणि बटाटाही हद्दपार करावे लागतील. ज्या मुलखात माणसे पिढ्यान्‌पिढ्या एखादी वस्तू वापरतात, तिला आपल्या भाषेत नाव देतात आणि तिची रीत मुलांना शिकवितात, त्या मुलखाची ती वस्तू होते. 'ईषद्गोल' या नावाची व्युत्पत्ती खोटी असली तरी त्यामागचा जिव्हाळा खोटा नव्हता.

मात्र आपलेपणाबरोबर एक जबाबदारीही येते. घरचे औषध म्हटले की आपण त्याचे नियम विचारीत नाही. नियम असतात ते डॉक्टरांच्या औषधाला, अशी आपली समजूत. हकीम तसे समजत नसत. बी कुटू नये, भिजवून द्यावे, कोणास द्यावे आणि कोणास देऊ नये, हे त्यांनी त्या बियांबरोबरच या देशात आणले. आपण बी ठेवून घेतले आणि त्याबरोबरचा बराचसा उपदेश वाटेत सांडला. परगावी राहणाऱ्या मराठी कुटुंबांत आजी जवळ नसते. मुलगा किंवा सून डब्यावरची बारीक अक्षरे वाचण्याच्या फंदात पडत नाही. अशा घरांतून हा उपदेश पुन्हा तोंडी पोहोचला, तर या पाहुण्याचा योग्य तो आदर केल्यासारखे होईल. पावसाळ्यात डब्याचे झाकण घट्ट लावून ठेवावे, हेही त्याबरोबरच सांगावे. हवेतील ओलाव्याने त्याचे गोळे होतात.